बस्ता बांधण्यापूर्वी

दिवाळी आटोपली, तुळशीचे लग्न लागले, की आमच्या गांधीबागेच्या कापडबाजारात बस्त्यांची झुंबड उडते. त्या गर्दीत ख्रिस्ती कुटुंबेही असतात. समजा, अशाच एका घरातला मुलगा आईला सांगतो : माझे मन स्त्रीकडे नव्हे, पुरुषाकडे ओढ घेते, आणि प्रभू येशूवरचा माझा विश्वासही तितकाच खरा आहे. आई रडते, पाळकसाहेब प्रार्थना करतात, आणि अखेर सर्वांना एकच उपाय सुचतो. लग्न करून द्या, सुधारेल!

कायद्याचा धाक आता नाही. १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. पण या मुलाचे भांडण कायद्याशी नाहीच. त्याच्या उशाशी पवित्र शास्त्र आहे, आणि त्यातला शब्द त्याला अखेरचा वाटतो. लेवीयात व रोमकरांस पत्रात त्याच्याविरुद्ध वचने आहेत. ती नाहीतच असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र त्याच शास्त्रात षंढाला मंडळीत मज्जाव करणारा नियम आहे, पुढे यशयात त्याला देवाच्या घरात मानाची जागा आहे, आणि प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पाने एका हबशी षंढाला वाटेतच बाप्तिस्मा दिला आहे. षंढ निराळा, हा मुलगा निराळा, हे मला कळते. तरीही एका पानावर मिटलेले दार दुसऱ्या पानावर उघडते, हे त्याने वाचले असेल तर त्याला दोष कोण देणार?

आणि ग्रंथ स्वतः वाचावा, ही तर या पंथाचीच शिकवण. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पण जे शास्त्रात दिसेना ते त्यांनी गुरुस्थानी असलेल्या भगिनींच्या आग्रहानेही मानले नाही. पुढे केडगावला त्यांनी मूळ भाषांवरून सारे बायबल मराठीत आणले. या प्रश्नावर त्या काय म्हणाल्या असत्या, ते मी सांगायला जाणार नाही.

कुणी ती वचने मानून एकटा राहील, कुणी जोडीदारासह प्रार्थनेला बसेल. दोघांचाही विश्वास मला खराच वाटतो. पण 'सुधारेल' या शब्दाला आधार काय? अमेरिकेत १९७६ साली निघालेली 'एक्झोडस इंटरनॅशनल' ही संस्था प्रार्थनेने आणि उपदेशाने असा ओढा बदलतो म्हणून सांगत असे. २०१३ साली तिच्या अध्यक्षाने लोकांची क्षमा मागितली आणि संस्था बंद झाली. मग आपण कोणाच्या मुलीवर हा प्रयोग करणार? तिने तर काहीच विचारलेले नसते. साडीचा रंग तेवढा तिच्या पसंतीचा.

लग्नाच्या दिवशी पाळक मंडळीला विचारतात, या विवाहाला काही हरकत कुणाला ठाऊक आहे काय? मुलाची आई पहिल्याच बाकावर बसलेली असते. तिला ठाऊक असते.