शिक्षणासाठी म्हणून घेतलेला रुपया

जुलैमध्ये इन्कम टॅक्सचा रिटर्न भरताना हिशोबात एक ओळ दिसते : आरोग्य व शिक्षण उपकर, 4 टक्के. कर 1,20,000 रुपये झाला, की त्यावर आणखी 4,800. एरवी मी ती ओळ न वाचताच पुढे जातो. यंदा थांबलो, कारण त्याच आठवड्यात गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला होता. झेडपीच्या शाळेचं वीजबिल थकलंय, माजी विद्यार्थ्यांनी हातभार लावावा. चौथीपर्यंत मी त्याच शाळेत होतो. तरी मनात पहिल्यांदा आलं ते हेच : शिक्षणाचे पैसे मी आधीच दिलेत की, पुन्हा कशाला?

विचार कोता होता, पण अगदीच चुकीचा नव्हता. साधा कर कुठे खर्चायचा ते सरकार ठरवतं. उपकर मात्र कारण सांगून घेतला जातो, आणि कारण सांगून पैसे घेणं म्हणजे शब्द देणं.

2004 साली प्राथमिक शिक्षणासाठी 2 टक्के उपकर आला, 2007 साली माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी 1 टक्का. पहिल्यासाठी स्वतंत्र कोष लवकर झाला. दुसऱ्यासाठीच्या कोषाला मंजुरी मिळाली थेट 2017 मध्ये. मधल्या काळातल्या वसुलीवर कॅगनेही बोट ठेवलं. यावर कुणी म्हणेल, शिक्षणावर खर्च होतच होता ना? होत होता. पण उपकर आला म्हणून तिजोरीतून होणारा नेहमीचा खर्च तेवढाच आखडता घेतला, तर शाळेच्या हाती जास्तीचं काहीच येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कोडमधली कॉमेंट वाचून प्रोग्रॅम चालत नाही. ‘शिक्षण’ हा शब्द उपकरात नुसता कॉमेंटसारखा राहू शकतो.

ही तक्रार जुनी आहे. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात हेच मांडलं होतं : शिक्षणासाठी म्हणून खास पट्टी वसूल होते, पण ती त्या कामी लागत नाही आणि बहुतेक गावांत शाळाच नाही. फरक इतकाच, की तेव्हा पट्टी भरणारा शेतकरी आणि शाळेविना राहिलेलं पोर एकाच घरातलं होतं.

आज तसं नाही. माझ्या ऑफिसातल्या एकाचंही मूल सरकारी शाळेत नाही. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं त्यांचं काम असतं. पण मुळात शाळेपर्यंत पोचलंच नाही, त्याचा हिशोब त्या समितीने कुणाकडे मागायचा? तो आम्ही मागायला हवा. आम्ही मागत नाही, कारण त्या अंधारात आमचं पोर बसलेलं नाही. पैसे भरले म्हणजे जबाबदारी फिटली, असं मला वाटत होतं. खरं तर पैसे भरून मी फक्त विचारायचा हक्क मिळवला होता, आणि तो कधी वापरलाच नव्हता.

वर्गणी पाठवली. सोबत ग्रुपवर विचारलं, शाळेला यंदा अनुदान किती आलं आणि कधी? दोन अंगठे आले. मग एका ताईंनी लिहिलं, ‘पुढच्या मीटिंगला विचारते. तू पण ये.’

तारीख कळवा म्हणालोय.