हाताचा गुण

आमच्या वसाहतीत परसबागेचा नाद असलेल्या मंडळींची एक बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरते. परस हा शब्द आता नावापुरताच उरला आहे. कोणाची बाग गच्चीवर, कोणाची खिडकीच्या गजांबाहेर, तर कोणाची फुटक्या माठांत आणि जुन्या बादल्यांत. तथापि बैठकीतील उत्साह असा, की एकाने कारल्याच्या मांडवाची हकीकत सुरू करावी आणि ती पुरी होण्याच्या आत दुसऱ्याने आपला दोडका पुढे करावा. गेली नऊ वर्षे आम्ही या बैठकीत बसत आलो आहो, व सल्ला देण्याच्या कामी आमचा हात धरणारा तेथे कोणी नव्हता. या लेखात जो प्रश्न मांडावयाचा आहे, तो तेथेच आमच्या वाट्याला आला. आपला अनुभव दुसऱ्यास सांगताना आपण त्याला नेमके काय देतो? आणि त्या देण्यातून पुढे जे निपजेल, त्याला आपण कितपत बांधलेले असतो?

वैद्य औषध देतो तेव्हा त्याचे मोल घेतो व त्याबरोबर जबाबदारीही घेतो. शेजारी सल्ला देतो तो फुकट. म्हणून त्याची जबाबदारी कोणावरच नाही, असे आपण सोयीने धरून चालतो. पण फुकट दिलेल्या वस्तूने अपाय होत नाही असे थोडेच आहे? शिवाय ती वस्तू खरोखर फुकट असते काय, याचीही आम्हांस शंका आहे. दुसऱ्याच्या बागेतील फळाची आशा आपल्याला नसते हे खरे. परंतु त्या फळाच्या श्रेयाची आशा असते, आणि ती फळाच्या आशेहून काही कमी चिवट नसते.

एक साधे उदाहरण घेऊ. आमच्याकडे लाल भोपळ्याच्या वेलावर फुले पुष्कळ येत, पण खालची कोवळी फळे पिवळी पडून गळत. नरफूल आणि मादीफूल निराळे असते, मधमाशी न आल्यास परागकण आपणच नेऊन लावावे लागतात, हे समजल्यावर आम्ही रोज सकाळी तो उद्योग आरंभिला आणि भोपळे धरले. झाले! त्या रविवारी बैठकीत आम्ही निक्षून सांगितले, की भोपळवर्गातील वेलांची फुले सकाळी हाताने फळवावी. एका गृहस्थांनी ते दुधीवर महिनाभर करून पाहिले व हाती काही लागले नाही. कारण उघड होते. लाल भोपळ्याचे पिवळे फूल सकाळी उमलते, आणि दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी. आमचा अनुभव खरा होता. त्यापासून आम्ही काढलेली आज्ञा खोटी होती. ‘आमच्या वेलावर असे झाले’ हे वाक्य कधीच खोटे ठरत नाही; ‘तुम्ही असे करा’ हे वाक्य माती बदलली, ऋतू बदलला, नुसता वेल बदलला तरी खोटे ठरू शकते. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर आपण इतक्या सहज उडी मारतो, की मध्ये दरी आहे हेही ध्यानात येत नाही.

दुधीचे नुकसान हसण्यावारी गेले. पुढचे तसे गेले नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सारी वसाहत त्यांना बाई म्हणते. जुन्नरकडील माहेराहून त्यांच्या आईने आणलेल्या वालाचे बी त्यांनी वर्षानुवर्षे राखले होते. रुंद शेंग, तिला जांभळी कड, आणि पोपटीची चव असलेला दाणा. वालाचे बहुतेक फलन त्याच्याच फुलातल्या फुलात होते, त्यामुळे घरी धरलेले बी जातीला सहसा इमान राखते. आई गेल्यावर तीच शेंग दर कार्तिकात बाईंच्या गच्चीवर लटकत असे. बाईंचा स्वभाव देण्याचा. एका वर्षी त्यांनी त्यातले मूठमूठ बी बैठकीत वाटले व स्वतःपुरते पाच दाणे ठेवले. ते दोन पिंपांत लाविले. श्रावणात वेल किंचित पिवळसर दिसू लागले, म्हणून त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, की एरंडीची पेंड घाला, चांगली दोन ओंजळी. आमच्या जमिनीतील वेलांना आम्ही तितकीच घालीत असू.

जमिनीत पेंड कुजते तेव्हा तिची ऊब आणि तिच्यातून सुटणारा अमोनिया चहूकडच्या मातीत विरून जातो. पिंपात तो जाणार कोठे? मुळांशीच कोंडतो. दहा दिवसांत पाचही वेल करपले. त्यातही वाल हे द्विदल. त्याच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्वतःच मिळवीत असतात, त्याला पेंडीची मुळात फारशी गरजच नव्हती. एकंदर पाहता, न मागणाऱ्यास न पचणारे अन्न आम्ही भरविले.

बाईंनी आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. त्या म्हणाल्या, “तुमचं काही चुकलं नाही हो. तुमच्याकडे एवढं फोफावतं. माझ्याच हाताला गुण राहिला नाही.”

हे वाक्य आम्हांस विसरता आले नाही. कारण हा समज त्यांच्या मनात आम्हीच रुजविला होता. आदल्याच वर्षी आमच्या मिरचीच्या चार कुंड्या अशाच पेंडीने गेल्या होत्या. त्या आम्ही काळोखात खाली नेऊन रिकाम्या केल्या व बैठकीत त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. तेथे मांडावयाला आमच्याकडे वांगी होती! प्रत्येक जण आपले भरलेले सूपच बैठकीस आणतो. त्यामुळे ज्याचे सूप रिकामे, तो दैवाला नाही तर हाताला बोल लावीत घरी जातो. खोटे बोलणे निराळे आणि न सांगणे निराळे, असा युक्तिवाद आम्ही मनाशी पुष्कळ दिवस केला. तो टिकत नाही. ज्या ठिकाणी लोक एकमेकांच्या भरवशावर चालतात, त्या ठिकाणी लपविलेले अपयश हे दुसऱ्याच्या वाटेवर उघडी ठेवलेली विहीर होय.

यावर कोणी म्हणेल, इतका विचार करू लागल्यास कोणी कोणास काही सांगणारच नाही, आणि त्याने अधिकच हानी होईल. हा आक्षेप वजनदार आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे अध्यापक. त्यांनी उभा केलेला ‘प्रयोग परिवार’ याच विश्वासावर चालला, की शेतकऱ्याने आपल्या शेतात प्रयोग करावा, तो दुसऱ्यास सांगावा व दुसऱ्याचा ऐकावा. द्राक्षबागायतदारांनी त्यातून केवढी मजल मारली, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. तेव्हा मौन हा उपाय नव्हे. प्रयोग या शब्दातच मात्र फसण्याला जागा आहे. उपदेशात ती नसते.

आणि मौनाचे दुसरे रूप तर कृपणपणाचे. चोरून आणलेले रोप हमखास जगते, अशी एक समजूत घरोघर असते. मागून कोणी देत नसे म्हणूनच ती निघाली असावी, असा आमचा तर्क आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बी राखल्याबद्दल. पण त्यांचे राखणे म्हणजे कुलपात ठेवणे नव्हे. बी न्यावे आणि पीक आल्यावर दुप्पट परत करावे, अशी त्यांची रीत. आपल्या देशाच्या २००१ सालच्या वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा व परस्परांस देण्याचा हक्क मान्य केला आहे. मात्र घेणाऱ्याचे कर्तव्य कोणत्या कायद्यात लिहावे? बाईंनी आम्हांसही मूठभर बी दिले होते. वेल करपल्यावर आम्ही धावत जाऊन कपाटाचा खण उघडला. पुडीत दाण्यांऐवजी पीठ होते आणि त्यात भुंगे. राखेत घालून ठेवावे एवढेही आमच्याने झाले नव्हते. बैठकीतील इतरांनी काय केले, ते विचारता दोघांनी उसळ केल्याचे कबूल केले.

ते बी सापडले ते बैठकीबाहेर. वसाहतीचे जिने झाडणाऱ्या मावशींनाही बाईंनी दिले होते, हे बाई स्वतःच विसरल्या होत्या. मावशींच्या खोलीमागे कुंपणाच्या तारेवर जांभळ्या कडेच्या शेंगा लोंबत होत्या. नऊ वर्षांत या बाईला बैठकीस बोलवावे, असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नव्हते, हे येथे सांगितलेच पाहिजे. वेल कसा आणला, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “पहिल्या साली शेळीनं खाल्ला. दुसऱ्या साली पावसानं कुजला. औंदा आला.”

आमच्या नऊ वर्षांच्या बैठकीत इतके प्रांजळ निवेदन कोणी केले नव्हते.

त्यांनी डब्यातल्या राखेतून अकरा दाणे काढून दिले. सहा आम्ही बाईंना दिले व त्या मिरचीच्या कुंड्यांची हकीकतही, उशिराने का होईना, सांगितली. बाई प्रथम हसल्या आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मावशी आता रविवारी येतात. दाराशी बसतात, आत या म्हटले तरी अजून येत नाहीत. आमच्या वाट्याच्या पाच दाण्यांपैकी चार उगवले. दोन गोगलगाईंनी खाल्ले, एक मांजराने उकरला. एक आहे, सध्या वीतभर आहे.