पूजेला हजेरी नसते

नवरात्र जवळ आले की गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या मराठी प्राथमिक शाळांतून पालकांकडे एक सूचना जाते. पूर्वी ती मुलाच्या वहीत लिहून दिली जाई, आता व्हॉट्सॲपवर येते. मजकूर साधारण ठरलेला. अमुक दिवशी सरस्वतीपूजन, सकाळी पूजा, मग आरती आणि तीर्थप्रसाद, दुपारी हळदीकुंकू, संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम, फुगड्या, बक्षीस वितरण, रात्री गावातल्या हौशी कलाकारांचे नाटक. त्याखाली वर्गणीचा विषय आणि अगदी शेवटी एक ओळ. कुठे ती ‘सर्वांना आग्रहाचे निमंत्रण’ अशी असते, कुठे ‘सर्व विद्यार्थ्यांची उपस्थिती अनिवार्य’ अशी. घाईत वाचणाऱ्याला दोन्हींत फारसा फरक वाटणार नाही. पालक तसेही येणार असतात आणि मुलांना तर त्या दिवशी घरी थांबवूनही ठेवता येत नाही. तरीही धर्म, शाळा आणि सरकार यांच्या नात्याचा सगळा प्रश्न या दोन ओळींच्या मधल्या जागेत उभा आहे. माझे म्हणणे असे की पहिली ओळ पूजेला शोभते आणि दुसरी ओळ पूजेचा अपमान करते. हे मी कायद्याच्या धाकाने म्हणत नाही. पूजा म्हणजे काय, याचा नीट विचार केला तरी तेच उत्तर निघते.

सरकारी शाळेत पूजा कशी काय, असे कोणी विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: हा धर्म नव्हे, ही संस्कृती आहे. उत्तर देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याच्या हातात दोन वेगळ्या गोष्टींची एकच मोळी झालेली असते. त्या दिवशी शाळेत काय घडते ते जवळून पाहावे. पाटावर पाटी ठेवलेली असते. पाटीवर एकाचे आकडे एकमेकांना जोडून काढलेली सरस्वती, तिच्यावर हळदकुंकू, झेंडूचे फूल, बाजूला पुस्तकांची चळत आणि समई. मग आरतीला घुमट, शामेळ आणि कांसाळे सुरू होतात. या चित्रात संस्कृती भरपूर आहे, यात वाद नाही. घुमटाचेच उदाहरण घ्या. गोवा सरकारने २०१९ साली त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. गणेशचवथीच्या आरतीत तो वाजतो आणि ख्रिस्ती घरांतल्या मांडो या गीतप्रकारालाही त्याचाच ठेका असतो. म्हणून घुमट सगळ्या गोव्याचा. तो वाजवायला कोणत्याही घरातल्या मुलाला आपला देव बाजूला ठेवावा लागत नाही. पण त्या ठेक्यावर जी आरती म्हटली जाते ती देवतेला उद्देशून असते. तिच्यात मागणे आहे, शरणागती आहे. वाद्य संस्कृतीचे, आरती उपासनेची. ठेका एकच म्हणून दोन्ही एक होत नाहीत. पूजेला निव्वळ संस्कृती म्हणणारा माणूस बचावाच्या घाईत देवीचे देवीपणच काढून घेतो. ज्या आईने सकाळी उपाशीपोटी येऊन त्या पाटीला फूल वाहिले, तिला जाऊन कोणी सांगावे की बाई, ही पूजा नव्हती, हा सांस्कृतिक कार्यक्रम होता!

सरस्वती सगळ्यांचीच, असाही एक युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्य आहे. ऋग्वेदात ती नदी आहे, पुढे वाणीची देवता झाली. जैनांनी तिला पूजले, बौद्ध मार्गाने ती जपानला पोहोचली आणि तिथे बेन्झाइतेन झाली. मुसलमान बहुसंख्य असलेल्या इंडोनेशियाने २०१३ साली वॉशिंग्टनमधल्या आपल्या वकिलातीसमोर सरस्वतीची उंच मूर्ती उभी केली. पण त्या मूर्तीसमोर कोणाला हात जोडायला सांगितलेले नाही. रस्त्याने जाणारा तिच्याकडे पाहतो, आवडली तर थांबतो, नाहीतर चालू लागतो. प्रतीक म्हणून सरस्वती जगाची होऊ शकते. आराध्य म्हणून ती ज्याने तिला मानले त्याचीच.

आता पूजेच्या आतले व्याकरण पाहू. कोणतीही षोडशोपचार पूजा संकल्पापासून सुरू होते. यजमान हातात पाणी घेतो. काळ आणि स्थळ सांगतो. आपले गोत्र, आपले नाव उच्चारतो. मी ही पूजा अमुक हेतूने करीन असे म्हणून ते पाणी सोडतो. या क्रियेत कर्ता प्रथमपुरुषी आहे. ‘करीन’ म्हणणारा कोणीतरी असल्याखेरीज पूजेला प्रारंभच होत नाही. शाळेच्या पूजेतसुद्धा एखादे पालक दांपत्य पाटावर बसते आणि संकल्प त्यांच्या नावाने होतो. सरकारला गोत्र नाही, शिक्षण खात्याला नक्षत्र नाही. खात्याच्या परिपत्रकाने संकल्प सोडता येत नाही, हे पौरोहित्य करणाऱ्या कोणालाही विचारावे. गीतेच्या नवव्या अध्यायात पानाफुलाच्या अर्पणाचा जो उल्लेख येतो, त्यातही जोर वस्तूवर नाही, देणाऱ्याच्या भक्तीवर आहे. मग ज्याने मनातून काहीच अर्पण केलेले नाही, जो केवळ हजेरीपटावर नाव लागेल म्हणून रांगेत उभा आहे, त्याच्या उपस्थितीने पूजेत कोणती भर पडली? सक्तीने आणलेला भक्त हा हिंदू विचाराच्या दृष्टीनेही शून्य आहे. सक्तीला विरोध करण्यासाठी परक्या तत्त्वज्ञानाकडे जाण्याची गरज पडत नाही ती यामुळे.

गोव्याने तर ही गोष्ट पुस्तकातून शिकलेली नाही. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, देवळे पडली. १५५९ च्या राजाज्ञेने अनाथ हिंदू मुले पाद्र्यांच्या हवाली करण्याची तरतूद झाली, पुढच्याच वर्षी इन्क्विझिशन आले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आला तो याच धामधुमीत. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ पर्यंत पोर्तुगिजांच्या हाती गेले, तेव्हा नव्या काबिजादींतल्या रयतेला आपापला धर्म पाळण्याचे अभय द्यावे लागले. म्हणजे आज ज्या दोन तालुक्यांत घरोघरी चवथीची फळापानांची माटोळी सजते आणि शाळाशाळांत शारदोत्सव होतो, त्यांची धार्मिक सलगता मुळात एका वचनावर टिकली: राज्य तुमच्या मुलाच्या देवात लुडबूड करणार नाही. आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि पुढच्या वर्षी चर्च व राज्य कायद्याने वेगळे झाले. त्याचा सगळ्यांत मोठा लाभ गोव्यात कोणाला झाला? हिंदूंना. बरोबरीचे नागरिकत्व मिळाले, सरकारी नोकरीची आणि शाळेची दारे उघडली. धर्मनिरपेक्षता ही दिल्लीहून १९६१ च्या मुक्तीनंतर लादलेली कल्पना आहे असे जे म्हणतात, त्यांनी आपल्या पणजोबांचा फायदा मोजून पाहावा.

भारतीय संविधान या बाबतीत थेट पालकांशी बोलते. अठ्ठाविसाव्या कलमाच्या पहिल्या उपकलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. तिसऱ्या उपकलमात उपासनेचा स्पष्ट उल्लेख आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत होणाऱ्या उपासनेला हजर राहण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, त्या व्यक्तीची संमती हवी, आणि ती अज्ञान असेल तर पालकाची. अनुदानित शाळेलाही जी मोकळीक नाही ती पूर्ण सरकारी शाळेला असेल, असे तर्काला पटत नाही. पूजा आणि शिक्षण यांची सीमा कुठे, सकाळची प्रार्थना कोणत्या खान्यात टाकायची, हे प्रश्न अवघड आहेत. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे पाठवला तो त्यामुळेच. पण संमतीचा मुद्दा अवघड नाही. तो शाळेच्या सूचनेच्या शेवटच्या ओळीइतका सोपा आहे.

इथे दुसऱ्या बाजूचा आक्षेप येतो आणि तो जास्त धारदार आहे. संमतीचे कौतुक कशाला, सरकारी इमारतीतून पूजाच बाहेर काढा, म्हणजे प्रश्न मिटला. हा मार्ग कागदावर स्वच्छ दिसतो. पण गोव्यातली गावची शाळा ही निव्वळ सरकारी इमारत कधीच नव्हती. पणजीची शाळा चालवणारी मुष्टिफंड संस्था १९०८ साली उभी राहिली. घराघरातून गोळा होणारे मूठमूठ तांदूळ हे तिचे भांडवल, आणि नावही त्यावरूनच पडले. पुढे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या. वाड्यावरच्या कित्येकांना सरकारचे पहिले दर्शन घडले ते त्या शाळेतल्या गुरुजींच्या रूपाने. अशा शाळेच्या अंगणात वर्षातून एक दिवस गावाने आपली देवी मांडली, तर सरकार त्या देवीचे भक्त झाले असे होत नाही, एका अटीवर. यजमान गाव असले पाहिजे, शाळा नव्हे. पालक-शिक्षक संघाने वर्गणी काढावी, आणि तीही ज्याला द्यायची त्याने द्यावी. शाळेचा निधी पूजेला लागू नये. तास चालू असताना आरती नको. आणि मुख्याध्यापकाने पाटावर बसायचेच असेल तर पालक किंवा भक्त म्हणून बसावे, शाळाप्रमुख म्हणून नको. एवढी शिस्त पाळली गेली नाही तर पूजा बाहेर काढा म्हणणाऱ्यांचे पारडे जड होईल आणि ते योग्यच होईल.

‘आजवर कोणी तक्रार केली नाही’ हे वाक्य या चर्चेत हमखास येते. त्याला पुरावा मानणे मला धोक्याचे वाटते. आज या दोन तालुक्यांतल्या अनेक सरकारी मराठी शाळांच्या बाकांवर पोटासाठी आलेल्यांची मुले बसतात. कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार इथून आलेल्या मजुरांची. इंग्रजी शाळांकडे ओढ वाढल्यावर पट टिकवायला हीच मुले उपयोगी पडली. त्यांतल्या एखाद्या घरात नमाज होते, एखाद्यात येशूची प्रार्थना. असा बाप शाळेच्या फाटकाशी येऊन तक्रार करील, ही अपेक्षाच चुकीची आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणणे म्हणजे त्याच्या अडचणीवर सही घेणे.

मग असा मुलगा त्या दिवशी काय करील? त्याला वेगळे बसवले तर सगळ्या वर्गाच्या नजरा त्याच्यावर, हाही आक्षेप खरा आहे. १९८६ साली केरळातल्या तीन भावंडांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक वाट दाखवली. यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथातली ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढले होते, न्यायालयाने परत घ्यायला लावले. आदराने उभे राहणे पुरेसे आहे, हा त्या निकालाचा गाभा. राष्ट्रगीताला जे पुरते ते आरतीला न पुरायला काही कारण नाही. आरतीसाठी मात्र त्याहून पुढे जावे, कारण तिथे उभे राहणेही ऐच्छिक आहे. उपाय वेळापत्रकात आहे. पूजा-आरती सकाळी, ज्यांना यायचे त्यांच्यासाठी. स्नेहसंमेलन, नाटुकले, बक्षिसे संध्याकाळी, सगळ्यांसाठी. सकाळी आला नाही म्हणून संध्याकाळच्या नाचातून कोणाचे नाव कटू नये, आणि प्रमाणपत्र देवीच्या पाटासमोर उभे करून देऊ नये. गोड पोहे संध्याकाळीही वाटता येतात. प्रसाद म्हणून घ्यायचे की खाऊ म्हणून, ते खाणाऱ्याने ठरवावे.

‘मग कॉन्व्हेंटमधल्या प्रार्थनेचे काय?’ हा प्रश्न विचारला जाणारच, आणि तो विचारलाच पाहिजे. उत्तर तेच आहे. अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था चालवण्याचा हक्क तिसाव्या कलमाने दिला आहे. पण अठ्ठाविसाव्यातली संमतीची अट त्या संस्थांनाही बांधते. सप्टेंबर २०२३ मध्ये दाबोळीच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना मशीद दाखवायला नेल्यावरून गदारोळ झाला आणि प्राचार्यांना निलंबित व्हावे लागले. तिथे नेमके काय घडले यावर दोन बाजू होत्या. पण आपल्या मुलाला दुसऱ्याच्या उपासनेत कोणी न विचारता ओढू नये, ही भावना त्या वेळी ज्यांनी ठासून मांडली त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांना एवढेच विचारायचे की हाच न्याय तुमच्या गावच्या शाळेत, तुमच्या देवीसमोर, परगावाहून आलेल्या मजुराच्या मुलाला तुम्ही लावणार का? नियम स्वतःच्या अंगणात लावून पाहिल्याशिवाय त्याची सचोटी कळत नाही.

यंदाच्या सरस्वतीपूजनाची सूचना अजून कुठेतरी मोबाईलवर टाइप होत असेल. पेडण्या-डिचोलीतल्या पालक-शिक्षक संघांना एवढीच विनंती, की ती पाठवण्याआधी शेवटची ओळ पुन्हा वाचावी आणि तिथे ‘अनिवार्य’ असेल तर खोडून ‘आग्रहाचे निमंत्रण’ लिहावे.