अनुशासन, शिस्त आणि सभेतील प्रश्न

शब्द एकदा उच्चारला गेला की त्याच्या अर्थाची मालकी कोणाकडे राहते, हा साहित्यशास्त्रातील जुना वादविषय आहे. लेखकाचा हेतू हे अर्थनिर्णयनाचे अंतिम प्रमाण नव्हे, ही भूमिका आता बहुतेक अभ्यासकांना मान्य होण्यासारखी आहे. तिची नैतिक बाजू मात्र सहसा तपासली जात नाही. अर्थ लेखकाच्या स्वाधीन नसेल, तर त्या अर्थाच्या परिणामांतूनही लेखक मुक्त होतो काय? लोकशाही स्थगित झालेल्या काळात हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहत नाही. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या आणीबाणीच्या कालखंडाने तो मराठी साहित्यव्यवहारापुढे प्रत्यक्ष उभा केला, आणि तोही एका शब्दाच्या रूपाने.

तो शब्द म्हणजे 'अनुशासनपर्व'. पवनारच्या आश्रमात वर्षभराचे मौन पाळणाऱ्या विनोबांनी महाभारतातील एका पर्वाचे हे नाव लिहून दाखविले, आणि शासकीय प्रचारयंत्रणेने ते आणीबाणीला मिळालेला आशीर्वाद म्हणून फलकांवर रंगविले. येथे भाषिक स्थित्यंतराकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. मराठीत सैनिकाच्या वा शाळेच्या संदर्भात 'शिस्त' हा शब्द येतो. 'अनुशासन' या शब्दाला शास्त्राचा, गुरूपदेशाचा वास आहे. व्याकरणाला 'शब्दानुशासन' म्हणण्याची परंपरा त्याच अर्थाची आहे. हिंदीत मात्र 'अनुशासन' म्हणजेच शिस्त. शब्द तोच राहिला. भाषेची सीमा ओलांडताच आचार्याचा उपदेश हवालदाराचा हुकूम झाला.

२५ डिसेंबर १९७५ रोजी मौन संपल्यावर विनोबांनी शासन आणि अनुशासन यांत भेद केला. शासन सत्ताधाऱ्यांचे, अनुशासन आचार्यांचे. आचार्यांच्या अनुशासनाला शासनाने विरोध केला तर सत्याग्रहाचा प्रसंग येईल, असा त्याचा आशय होता. हे स्पष्टीकरण प्रामाणिक होते आणि संहितेशी सुसंगतही. परंतु तोवर सहा महिने लोटले होते. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण असताना फलक सर्वत्र पोहोचतो, खुलासा पोहोचत नाही. यवतमाळ–अमरावती रस्त्यावरील नेरसारख्या गावातील वाचकाला पवनार काही फार दूर नव्हते. तरीही पवनारचा शब्द त्याच्यापर्यंत दिल्लीमार्गे, आकाशवाणीच्या अर्थासह येणार होता. अर्थाची अनिश्चितता हा मुक्त समाजात वाचकाचा अधिकार असतो. बंदिस्त समाजात ती सत्तेची मक्तेदारी होते, कारण प्रतिवाचनाची साधनेच तिने काढून घेतलेली असतात. म्हणून अशा काळात मोघम शब्द वापरणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, ती वाढते. त्याला आपल्या अर्थाचे रक्षण करावे लागते, आणि तेही वेळेवर.

विनोबांनी निवडलेली संहिताच या मुद्द्यावर अधिक कठोर आहे. महाभारतातील अनुशासनपर्वात युधिष्ठिराला धर्म सांगणारे भीष्म शरशय्येवर आहेत. युद्ध होऊन गेले आहे. हेच भीष्म द्यूतसभेत द्रौपदीच्या प्रश्नापुढे धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून थबकले होते. सभेतील मौन आणि युद्धानंतरचा उपदेश यांचा हा संबंध व्यासांनी कोठेही सूत्ररूपाने सांगितलेला नाही, पण वाचकाला तो टाळता येत नाही. त्या सभेत द्रौपदीच्या बाजूने बोलला तो विकर्ण. त्याच्या बोलण्याने निर्णय बदलला नाही. तथापि सभा एकमुखी होती असे म्हणण्याची सोय त्याने इतिहासाला ठेवली नाही.

विकर्णाची ही भूमिका न्यायव्यवस्थेत न्या. हं. रा. खन्ना यांच्या वाट्याला आली. २८ एप्रिल १९७६ च्या जबलपूर खटल्यात चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद असल्याचा निर्णय दिला, न्या. य. वि. चंद्रचूड त्या बहुमतात होते. खन्ना एकटे विरोधात राहिले, आणि जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दिले गेले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताचा तो निर्णय रद्द ठरविला. तसे लिहिणारे न्या. ध. य. चंद्रचूड हे त्यांचेच पुत्र. भिन्नमताचे मूल्य तात्कालिक फलावर मोजता येत नाही, याचे इतके नेमके उदाहरण दुर्मीळच.

मराठी साहित्याची सभा डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला भरली. अध्यक्षस्थानी 'व्यासपर्व'कार दुर्गा भागवत होत्या. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. महाभारतातील व्यक्तींचा अर्थ शोधणाऱ्या लेखिकेने त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न मांडला आणि आजारी जयप्रकाशांच्या स्वास्थ्यासाठी प्रार्थना करविली. यावर एक आक्षेप संभवतो: मंत्र्याच्या उपस्थितीत उच्चारलेला निषेध सत्तेच्या सहिष्णुतेचीच शोभा वाढवितो. आक्षेप पोकळ नाही. कऱ्हाडचे संमेलन निर्विघ्न पार पडले, हे सत्तेला प्रमाणपत्र म्हणून वापरता आलेच असते. परंतु दुर्गाबाईंनी आपले म्हणणे संमेलनाच्या मांडवापुरते मर्यादित ठेवले नाही, आणि १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. उच्चार सोहळा होता की कृती, हे त्याची किंमत देण्याच्या तयारीवरून ठरते. विनोबांच्या शब्दापेक्षा त्यांचा शब्द वेगळा ठरतो तो पावित्र्याने नव्हे. त्याचा दुसरा अर्थ करण्यास त्यांनी जागाच ठेवली नाही.

येथवरचे विवेचन केवळ हुकूमशाही शासनाला लागू पडते असे मानणे सोयीचे, पण अपुरे आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या संमेलनाच्या उद्घाटनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण विरोधाच्या धमक्यांनंतर मागे घेण्यात आले. आणीबाणीला विरोध करणाऱ्या आणि 'रिच लाइक अस' या कादंबरीत तिचे चित्रण करणाऱ्या या लेखिकेला थांबविण्यासाठी कोणताही आदेश निघाला नव्हता, अभिवेचक बसला नव्हता. आयोजकांची भीती पुरेशी ठरली. अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरविली, अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी भाषणात नापसंती व्यक्त केली, आणि न झालेले भाषण छापील रूपाने सर्वदूर पोहोचले. १९७५ शी या घटनेची बरोबरी करणे अतिशयोक्तीचे होईल: येथे निषेध छापता आला, कोणी तुरुंगात गेले नाही. फरक मान्य करूनही एक साम्य उरते. दोन्ही वेळी सभेने स्वतःच्याच शांततेला शिस्त हे नाव दिले.

लोकशाहीसाठी झगडणाऱ्या चळवळीचे यश निवडणुकीच्या निकालात दिसते. १९७७ मध्ये ते दिसलेही. पण निकालाआधी शब्दांचे सामान्य अर्थ कोणी तरी राखलेले असावे लागतात. नेरमधील वाचकाला 'शिस्त' आणि 'भीती' हे दोन वेगळे शब्द म्हणून उपलब्ध राहिले, तरच त्याच्या मताला अर्थ येतो. हे राखणदारीचे काम साहित्याकडे आपोआप येत नाही. सभेत प्रश्न विचारला जात असताना जो बोलतो त्याच्याकडेच ते येते. युद्ध संपल्यावर सांगितलेल्या धर्माने ते भरून निघत नाही.