सूर लागेपर्यंत

पाठ ताठ ठेवून बसा, पण ताणू नका. पंखा बंद करता आला तर करा. जालना रोडवरची वाहनं ऐकू येत असतील तर येऊ द्या. त्या आवाजांच्या तळाशी स्वतःचा श्वास ऐकू येईपर्यंत थांबा. मग ओठ मिटून, सहज निघेल त्या पट्टीत, एकच स्वर धरा. हा तुमचा सा. लांबवायची घाई नको. संपला की श्वास घ्या, पुन्हा तोच धरा.

आता अशा माणसाला मनात आणा, ज्याला हा सा रोज नव्या गावात शोधावा लागतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. कालच उतरलेल्या गवयाच्या अंगात अजून पहाट आहे, आणि समोर त्याला यमन मांडायचा आहे. आपल्या रागांना प्रहर आहेत. ते प्रहर विमानात बसत नाहीत, गवयालाच त्यांच्या मागे जावं लागतं. डोळे मिटून एवढंच पाहा: तो मंचावर बसला आहे, तंबोरा मांडीवर आहे, आणि थंड हवेच्या यंत्रांनी कोरड्या पडलेल्या सभागृहात खुंटी सरकते आहे. पंचम उतरला. त्याने खुंटी पिळली, मणी किंचित खाली घेतला. जवारी अजून बोलत नाही. तो घाई करत नाही.

इथे थोडं थांबू.

१९१० सालचा सप्टेंबर. इनायत खाँ नावाचा २८ वर्षांचा वीणावादक मुंबईहून अमेरिकेला निघाला. आजोबा मौलाबख्श बडोद्याचे मोठे गायक; सयाजीरावांच्या बडोद्यात तो वाढला आणि पुढे हैदराबादला निजाम महबूब अली खानांच्या दरबारात वाजवून त्याने मान मिळवला. आपलं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, त्याच निजामाच्या राज्यात होतं. हैदराबादेतच त्याला चिश्ती या सुफी परंपरेचे गुरू भेटले, आणि तुझं संगीत घेऊन पश्चिमेकडे जा, असं त्यांनी सांगितलं. सोबत भाऊ आणि चुलतभाऊ. अमेरिकेत त्यांना काम मिळालं ते रूथ सेंट डेनिस या नर्तिकेच्या दौऱ्यात. म्हणजे गावोगावची नाट्यगृहं, आगगाडी, आणि पूर्वेकडचे म्हणून रचलेल्या नाचांना साथ. ज्या वीणेपुढे दरबार गप्प बसत असे, ती तिथे नाचाची शोभा झाली. मला हे त्या प्रवासातलं सगळ्यात मोठं दुःख वाटतं. थंडी सोसता येते, परकं जेवणही अंगवळणी पडतं. ऐकणाराच नसेल तर सुराने जायचं कुठे?

तरी तो फिरत राहिला. लंडन, पॅरिस, मॉस्को. १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत त्याची मुलगी नूर जन्मली. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये ब्रिटिशांसाठी गुप्त काम करताना पकडली जाऊन डाखाउच्या छळछावणीत मारली गेली, ती हीच नूर इनायत खान. पुढे त्याने मैफली थांबवल्या, वीणा बाजूला ठेवली आणि फक्त उपदेश केला. संगीत सोडून त्याने संगीतच सांगितलं, असं मला मनापासून वाटतं. १९२७ मध्ये दिल्लीत तो गेला. निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याजवळ त्याची कबर आहे.

त्याच निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दिल्लीहून देवगिरीला आले आणि आपल्या खुलताबादला विसावले. गाणं ऐकणं हीच त्यांची उपासना होती, समा म्हणतात ती. एक दिल्लीहून इकडे आला आणि ऐकत बसला, दुसरा इकडून निघाला आणि ऐकणारे शोधत फिरला. हे दोघे क्षणभर शेजारी बसवून पाहा. काही ठरवू नका.

आपला सा पुन्हा धरा. अजून तिथेच आहे ना?

१ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बांगलादेशसाठीच्या मैफलीत, रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावत होते. लावून झाल्यावर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वादन सुरू व्हायचं होतं. त्या लोकांचं प्रेम खरं होतं. पण दूरदेशी गेलेल्या कलावंताला प्रेमाइतकंच आणखी एक हवं असतं: सूर लागतो आहे हे ओळखून गप्प राहणारा माणूस. दौऱ्यावरच्या गवयाचं घर कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी तंबोरा लावण्याची ती पाच-दहा मिनिटं सांगेन. तेवढ्यात तो विमानतळ, पेट्या, उरलेली झोप, फोनवर ऐकलेला मुलांचा आवाज, सगळं खाली ठेवतो. चारही तारा एक झाल्या की तो त्या गावात खऱ्या अर्थाने पोचतो. ऐकणारा बोलत राहिला तर तो पोचतच नाही.

आता डोळे उघडा, हळूहळू.

आणि एक करा. सोनेरी महालाच्या पटांगणात वेरूळ-अजिंठा महोत्सव भरेल, किंवा कुणाच्या घरी छोटी बैठक असेल, तेव्हा दहा मिनिटं आधी जाऊन बसा. फोन बंद करा. तंबोरा लागत असताना शेजाऱ्याशी बोलू नका. समोरचा माणूस कुठून कुठवर प्रवास करून आला आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. त्याला पोचू द्या.