शेताची राखण, भावाची राखण

सप्टेंबर लागला की सोयाबीनच्या शेंगा भरू लागतात आणि शेतकऱ्याची झोप उडते. रात्रीतून रानडुकरांचा कळप वावरात शिरला, तर सकाळी पिकाचा पट्टाच्या पट्टा आडवा झालेला दिसतो. डुक्कर खाते त्याहून जास्त तुडवते आणि उकरते. पुढे तुरीवर आणि हरभऱ्यावर रोही येतात. बियाण्याचे, खताचे, फवारणीचे पैसे तोवर खर्च झालेले असतात आणि पुष्कळदा ते उसने किंवा कर्जाचे असतात. म्हणून आपल्या दारव्हा-यवतमाळ भागात दिवसभर राबलेला माणूस रात्री पुन्हा जागलीला जातो. टॉर्च पाडत, डबा वाजवत, पावसात आणि थंडीत तो पहाट होण्याची वाट पाहतो.

अशा माणसाने विचारले, "हे जनावर मी मारले तर मला पाप लागेल का?" तर त्याला काय सांगावे? ज्याचे वावर नाही त्याने या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. आणि ज्याचे वावर आहे त्यानेही "माझे पीक, माझा हक्क" एवढ्यावर तो मिटवू नये.

पवित्र शास्त्राला हा प्रश्न अनोळखी नाही. ८०व्या स्तोत्रात इस्राएल लोकांच्या दुर्दशेचे वर्णन आहे. त्यासाठी स्तोत्रकर्ता कुंपण मोडलेल्या द्राक्षमळ्याचे चित्र उभे करतो आणि त्या मळ्याची नासधूस करणारा प्राणी म्हणून रानडुकराचेच नाव घेतो. उद्ध्वस्त पीक पाहून येणारे रडू देवाला ठाऊक आहे.

उत्पत्तीच्या ९व्या अध्यायात जलप्रलयानंतर देव नोहाला प्राण्यांचे मांस खाण्याची मोकळीक देतो, पण रक्तासह खाऊ नको अशी अट घालतो, कारण रक्त म्हणजे जीव आणि जीव देवाचा. त्याच अध्यायात देव जो करार करतो तो नोहाबरोबर तर आहेच, शिवाय तारवातून बाहेर आलेल्या प्रत्येक पशुपक्ष्याबरोबरही आहे. या कराराची खूण म्हणजे मेघांतले धनुष्य. मूळ हिब्रू भाषेत त्यासाठी जो शब्द आहे, तोच शिकारीच्या आणि लढाईच्या धनुष्यासाठी वापरतात. आपणही इंद्रधनुष्यच म्हणतो. देवाने आपले धनुष्य ढगांत ठेवले आणि माणसाच्या हाती मात्र धनुष्य राहू दिले. याचा अर्थ असा, की मारण्याची मोकळीक आहे, पण ती करारात बांधलेली आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण हेच सांगते. कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य मानले आहे. मात्र विनाकारण प्राण्यांना यातना देणे किंवा त्यांचे जीव घेणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही तेथे परिच्छेद २४१८ मध्ये स्पष्ट केले आहे. लेकरांच्या तोंडचा घास वाचवणे हे विनाकारण नव्हे. म्हणून पीक वाचवण्यासाठी जनावर मारावे लागले तर ते आपोआप पाप ठरत नाही. आता पुढचा प्रश्न येतो, आणि तोच खरा अवघड आहे : मारायचे ते कसे?

आपल्या जिल्ह्यातील कोलाम, गोंड, आंध या समाजांना धनुष्यबाण परका नव्हता. बायबलमधला एसाव बापासाठी शिकार आणायला निघतो तोही भाता आणि धनुष्य घेऊनच. अमेरिकेत आजही हा प्रकार आहे. तिकडे ग्राउंडहॉग नावाचा, खारीच्या कुळातला पण मांजराएवढा मोठा प्राणी शेतात बिळे करतो आणि सोयाबीनचे कोवळे पीक खाऊन टाकतो. काही शिकारी शेतमालकाची परवानगी घेऊन त्याला बंदुकीऐवजी बाणाने मारतात.

धनुष्य माणसाकडून काय मागते ते पाहा. जनावराच्या अगदी जवळ जावे लागते. तासन् तास दबा धरून बसावे लागते. समोर डुक्कर आहे की शेजाऱ्याचे वासरू, मादी आहे तर तिच्यामागे पिले आहेत का, पलीकडे कोणी माणूस नाही ना, हे पाहिल्याशिवाय बाण सोडता येत नाही. आणि बाण लागून जनावर पळाले तर रक्ताचा माग काढत त्याच्यापर्यंत जावे लागते. थोडक्यात, मारणारा तेथे हजर असतो. आपण काय केले ते त्याला दिसते.

धनुष्याचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. चुकीच्या जागी लागलेला बाण घेऊन जनावर कित्येक दिवस तडफडते. संत जाईल्स यांची कथा आपल्याला हेच सांगते. अरण्यात राहणाऱ्या या संताच्या आश्रयाला आलेल्या हरिणीवर राजाच्या शिकाऱ्याने बाण सोडला आणि तो संतालाच लागला, अशी आख्यायिका आहे. त्यांचा सण १ सप्टेंबरला असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या जपणुकीसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून हीच तारीख ठरवली. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय रानडुकराची किंवा रोह्याची शिकार हा गुन्हा आहे, मग हत्यार कोणतेही असो. पिकाचे नुकसान करणाऱ्या या प्राण्यांना मारण्याची परवानगी वनखात्याकडून घेता येते आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ साली त्याची पद्धत ठरवून दिली. तेव्हा कोणीही उठून धनुष्य हाती घ्यावे असे सांगायचे नाही. धनुष्यापासून शिकायचे ते एवढेच, की जीव घेणाऱ्याने तेथे उभे राहून त्याचा जबाब दिला पाहिजे.

याच्या अगदी उलट आहे ती धुऱ्यावर सोडलेली जिवंत तार. संध्याकाळी लाइनवर आकडा टाकायचा, वावराभोवती उघडी तार फिरवायची आणि घरी जाऊन झोपायचे. काही जण पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात, काही जण विष ठेवतात. ही साधने कोणाला ओळखत नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, वनखाते जिच्या मागावर होते ती वाघीण शेवटी एका शेतातल्या विजेच्या तारेला चिकटून मेली. मे २०२० मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात रानडुकरांसाठी ठेवलेल्या स्फोटकाने एका गाभण हत्तिणीचा जबडा फुटला आणि नदीच्या पाण्यात उभी राहून तिने प्राण सोडला.

आणि माणसे? तार डुकरासाठी असते, पण अंधारात तिला पाय लागतो तो मोटार सुरू करायला निघालेल्या शेजाऱ्याचा, सालगड्याचा, पहाटे शेण-काडी वेचायला गेलेल्या बाईचा, कधी तार लावणाऱ्याच्या स्वतःच्या मुलाचा. विदर्भात अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात. मग "मी डुकरासाठी लावली होती" एवढेच सांगायला उरते.

निर्गमाच्या २१व्या अध्यायात नेमका याविषयीच नियम आहे. कोणी खड्डा खणून तो झाकला नाही आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या मालकाने नुकसान भरून द्यावे. त्याच्या मनात बैल मारायचे होते का, असे शास्त्र विचारतही नाही. उघडा खड्डा ठेवला, हाच त्याचा दोष. जिवंत तार हा उघडा खड्डाच आहे आणि तो तर अंधारात दिसतही नाही.

येथे एक शब्द मनात घोळवण्यासारखा आहे : राखण. देवाने पहिल्या माणसाला बागेत ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. पुढे काइन शेतकरी झाला आणि पहिला खून घडला तो शेतातच. भाऊ कोठे आहे असे देवाने विचारले, तेव्हा आपण काही भावाचे राखणदार नाही, असे त्याने उलट सुनावले. शेताची राखण करणाऱ्याने भावाची राखण नाकारली. धुऱ्यावर तार सोडून झोपणारा माणूस काइनासारखा दुष्ट नसतो, तो गांजलेला असतो. पण सकाळी देवाचा प्रश्न त्यालाही तोच असतो.

कोणी म्हणेल, "शेतकरी काय हौसेने तार लावतो? पंचनामा वेळेवर होत नाही, भरपाई तुटपुंजी मिळते, परवानगी मिळेपर्यंत पीक उरत नाही." हे म्हणणे खरे आहे. रान जपण्याचा आनंद सगळ्या समाजाला आणि त्याची किंमत मात्र धुऱ्यालगतच्या शेतकऱ्याला, हा अन्याय आहे. ज्येष्ठ पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनीही या कायद्यावर कडक टीका केली होती आणि शिकारीचे नियमन स्थानिक लोकांकडे द्यावे असे मांडले होते. केरळ सरकारने मे २०२२ मध्ये रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतींच्या प्रमुखांना दिला. मात्र विष, स्फोटके आणि विजेचा प्रवाह या तीन गोष्टींना तेथेही मनाई ठेवली. कायदा सैल करतानाही ही रेषा ओलांडली गेली नाही, हे लक्षात घ्यावे. अन्यायाविरुद्ध भांडावे, अर्ज करावेत, मोर्चा काढावा. पण सरकारने आपल्यावर केलेला अन्याय आपण सालगड्याच्या जिवावर फेडू शकत नाही.

संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या गुब्बियोच्या लांडग्याची कथा आपण मुलांना सांगतो. लांडगा शांत झाला एवढेच आपल्या लक्षात राहते. पण त्या कथेत गावानेही वचन दिले होते, की लांडग्याला रोज खायला घालू. तो खर्च एका घराने सोसला नाही, सगळ्या गावाने वाटून घेतला. आपल्या धर्मग्रामालाही हे करता येईल. ज्यांची वावरे एकमेकांना लागून आहेत त्यांनी जागल पाळीने करावी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला झोपेच्या काही रात्री येतील. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो, तो जनावराला पळवतो, मारत नाही. एकट्याला ते परवडत नसेल तर चार जणांनी मिळून घ्यावे आणि थेट लाइन तारेला कधीही जोडू नये. ज्यांना लिहिता-वाचता येते, मोबाइलवर अर्ज भरता येतो, अशा तरुणांनी रविवारी मिस्सानंतर अर्धा तास थांबून नुकसानीचे अर्ज भरून द्यावेत. एखाद्याचे पीक खरेच गेले, तर हंगामाच्या अर्पणातला वाटा आधी त्याच्या घरी पोहोचावा. आणि कोणाच्या धुऱ्यावर जिवंत तार आहे हे आपल्याला ठाऊक असेल, तर त्याला आजच जाऊन सांगावे. मैत्री तुटेल म्हणून गप्प बसणे, ही भावाची राखण नव्हे.

एक चिमणीही पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही, असे प्रभू येशूने आपल्याला शिकवले. मग रात्रीच्या अंधारात आपल्या धुऱ्यावर जे पडते तेही त्याच्या नकळत नाही. हे प्रभो, आमचे पीक राख, आमच्या लेकरांचा घास राख. आणि आमच्या हातून एकमेकांची राखण घडू दे. आमेन.