मालकी आणि माहिती

रविवारीं सकाळीं चहा आटोपला म्हणजे अंबडच्या आमच्या वसाहतींत पाना फरशीवर पडल्याचा खणकन् आवाज होतो, आणि शेजारच्या गृहस्थांचें साप्ताहिक अनुष्ठान सुरू झालें हें सर्वांस समजतें. हे गृहस्थ येथील औद्योगिक वसाहतींतल्या एका कारखान्यांत नोकरीस आहेत. आठवड्याचे सहा दिवस ते मोटारींना लागणारा एकच लहानसा भाग तपासण्याच्या कामावर देखरेख करतात. सातव्या दिवशीं मात्र घरापुढें उभ्या असलेल्या आपल्या जुन्या मारुति आठशेंचें बॉनेट उघडून दोनप्रहरपर्यंत तींत डोकें घालून बसतात. कधीं प्लग काढून पुसतात, कधीं पंख्याचा पट्टा ताणून पाहतात, कधीं चाकें उतरवून ब्रेकच्या आंतील धूळ झाडतात. त्यांच्या पत्नी एकदां मला म्हणाल्या, "सर, तुम्ही तरी ह्यांना समजावून सांगा. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला चार पैसे दिले कीं हेंच काम तासाभरांत होतें, आणि रविवार घरच्यांच्या वांट्याला येतो."

या तक्रारीला मला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. मी तत्त्वज्ञानाचा अध्यापक, आणि त्यांतून वीसएक वर्षें याच व्यसनांत सांपडलेला. तेव्हां माझी साक्ष निःपक्षपाती मानली जाणें कठीणच होतें. पण प्रश्न मनांत राहिला. जें काम मोबदला देऊन दुसऱ्याकडून अधिक चांगलें होतें, तें स्वतःच्या हातांनीं करण्यांत केवळ हौसच आहे, कीं कांहीं नैतिक मूल्यहि आहे? आणि मूल्य असेल तर त्याची मर्यादा कोणती?

अर्थशास्त्राचें उत्तर सरळ आहे. ॲडम स्मिथनें १७७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रारंभींच टांचणीच्या कारखान्याचें उदाहरण दिलें आहे. एकट्या, अननुभवी मनुष्यानें सबंध टांचणी घडवूं म्हटलें तर दिवसांत वीस टांचण्या होणेंहि कठीण. परंतु काम वांटून घेतलें तर दहा माणसें मिळून दिवसाला ४८,००० टांचण्या करतात. या न्यायानें प्राध्यापकानें शिकवावें, मिस्त्रीनें दुरुस्ती करावी, आणि दोघांनीं एकमेकांस पैसे द्यावे, यांतच सर्वांचें हित आहे. परंतु त्याच स्मिथनें त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागांत असेंहि बजावून ठेविलें आहे कीं, ज्याचें सारें आयुष्य दोनचार साध्या क्रिया करण्यांत जातें, त्याची बुद्धि वापराअभावीं बोथट होते. श्रमविभागाचे चाहते पहिला उतारा आवडीनें सांगतात, दुसरा सहसा सांगत नाहींत. माझ्या शेजाऱ्यांनीं यांपैकीं एकहि वाचलेला नाहीं. पण सहा दिवस ज्या भागाकडे ते सुटा म्हणून पाहतात, तो सबंध गाडींत कोणत्या जागीं बसतो आणि काय करतो, हें ते सातव्या दिवशीं पाहूं इच्छितात. यास मी तरी केवळ वेळेचा अपव्यय म्हणणार नाहीं.

याच्या उलट बाजूला आम्ही गाडी वापरणारे लोक. प्लेटोनें 'रिपब्लिक'च्या दहाव्या खंडांत एक मार्मिक विचार मांडला आहे. कोणत्याहि वस्तूविषयींचें खरें ज्ञान ती घडविणाराजवळ नसून ती वापरणाराजवळ असतें, असें तो म्हणतो. बांसरी चांगली कीं वाईट हें वाजविणारा जाणतो, आणि त्याच्या सांगण्यावरून कारागीर ती सुधारतो. बांसरीपुरतें हें खरें असेल. परंतु आज मोटार चालविणाऱ्या सुशिक्षितांपैकीं कितीजणांस इंजिनांतील तेल कशासाठीं असतें हें सांगतां येईल? सांकेतिक दिवा लागला कीं गाडी गॅरेजांत न्यावी आणि बिल येईल तें मुकाट्यानें चुकतें करावें, एवढेंच आपलें ज्ञान. घडविणारास भाग ठाऊक, सबंध वस्तु नाहीं. वापरणारास सबंध वस्तूचें सुख ठाऊक, भाग नाहीं. या दोघांमधली रिकामी जागा रविवारीं पाना हातीं घेऊन बसणारा मनुष्य थोडीशी भरून काढतो. परिवहन खात्याच्या दप्तरीं नांव लागलें म्हणजे गाडी आपली झाली, हा कायदा आहे. तिच्या प्रकृतीची विचारपूस आपण करूं लागलों म्हणजे ती आपली होते, हा अनुभव आहे.

आमच्या सुशिक्षित वर्गांत या अनुभवाची वाण आहे आणि त्याचें कारण केवळ वेळेचा अभाव नव्हे. हात काळे करणें हें खालच्या माणसाचें काम, अशी एक जुनी समजूत आमच्या हाडींमांसीं खिळली आहे. मुंबईस यंत्रशास्त्र शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगांवच्या सायकलींच्या दुकानाकडे वळले ही गोष्ट आम्ही अभिमानानें सांगतों. पण आपल्या मुलानें कॉलेज सोडून तसें दुकान काढतों म्हटलें तर आम्हांपैकीं किती बाप आनंदित होतील? ग्रीक पंडितहि याच बाबतींत आमचेच भाऊबंद. हातांनीं पोट भरणारा मनुष्य उत्तम नागरिक होऊं शकत नाहीं, असें ॲरिस्टॉटलासारख्यानें लिहून ठेविलें आहे. निदान रविवारपुरते तरी हात काळे करणें हें या समजुतीवरील एक सौम्य औषध आहे. गंजून बसलेला एक बोल्ट सोडविण्यांत ज्याची सबंध सकाळ गेली आणि अखेर आटेहि गेले, तो पुन्हां कोणत्याहि मिस्त्रीला अडाणी म्हणणार नाहीं.

येथपर्यंतचें विवेचन माझ्या छंदाला अनुकूल आहे. म्हणूनच त्याजकडे संशयानें पाहिलें पाहिजे. माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितल्यावांचून तें पुरें होणार नाहीं.

सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाशीं ब्रेकचें तेल झिरपूं लागलें. मीं चाक काढलें, ड्रम उतरविला, आंतल्या लहान सिलिंडरमधील झिजलेले रबर बदलले आणि स्वतःच्या कर्तबगारीवर खूष झालों. या कामांत तेलाचा मार्ग उघडला कीं त्यांत हवा शिरते. तेल दाबलें जात नाहीं, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोंचतो. हवा दाबली जाते, आणि तो जोर तिच्यांतच जिरून जातो. यास्तव एकानें ब्रेक दाबीत बसावयाचें आणि दुसऱ्यानें चाकाजवळची तोटी उघडून हवेचे बुडबुडे बाहेर काढावयाचे असतात. माझा मुलगा, तेव्हां शाळेंत जाणारा, ब्रेकवर पाय ठेवून बसला होता. त्याला शिकवणीला जावयाचें होतें; मलाहि घाई झाली होती. बुडबुडे पुरते थांबले नव्हते. "बाबा, अजून जरा मऊ लागतोय," तो म्हणाला. मीं उत्तर दिलें, "चालेल."

त्याच दुपारीं त्याला शिकवणीस पोंचवावयास निघालों. महामार्गाकडील उतारावर एक बाई भाजीची हातगाडी ढकलीत चालल्या होत्या. मीं ब्रेक दाबला. पाय जवळ जवळ तळाला गेला. गाडी मंदावली, पण थांबेना. हातब्रेक तारेनें ओढला जातो, त्याचा तेलाशीं संबंध नसतो; तो मीं जिवाच्या आकांतानें ओढला, आणि पुढचें चाक पदपथाच्या दगडाला घांसून गाडी हातगाडीपासून दोन हातांवर उभी राहिली. त्या बाईंनीं मागें वळूनहि पाहिलें नाहीं. आपल्या पाठीशीं काय घडतां घडतां राहिलें हें त्यांना समजलेंच नाहीं. मुलानें माझ्याकडे पाहिलें. बोलला मात्र कांहींच नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गाडी हळूहळू अंबडांतील एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनीं प्रथम चाकाला हात लावला नाहीं, ब्रेकवर पाय ठेवला, दोनदां दाबला, आणि विचारलें, "सर, हें तुमच्याहि पायाला लागलें असेल ना?" लागलें होतें. मला माहिती कमी पडली नव्हती. तेल, हवा, दाब हें सर्व मी वर्गांत उभा राहून समजावून देऊं शकलों असतों. कमी पडलें तें निराळेंच. जें पायाला समजलें आणि मुलानें तोंडानें सांगितलें, तें मान्य करण्याची माझी तयारी नव्हती.

'चालेल' हा मराठींतील मोठा सोईचा शब्द आहे. पाहुण्याला चहा कमी गोड झाला तर 'चालेल', सभा अर्धा तास उशिरां सुरू झाली तरी 'चालेल'. माणसांमाणसांत या शब्दाचें वंगण हवेंच. तें नसतें तर आपले संसार कुरकुरले असते. परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत असते: समोरचा मनुष्य समजून घेईल. यंत्र समजून घेत नाहीं. शिवाय, चहाच्या बाबतींत 'चालेल' म्हणणारा स्वतःचेंच नुकसान सोसतो. मीं मात्र त्या भाजीवाल्या बाईंच्या वतीनें, त्यांना न विचारतां, 'चालेल' म्हटलें होतें. माझी हौस माझी होती. तिचा धोका त्यांनीं पत्करलेला नव्हता. घरच्या दुरुस्तीचा सारा नैतिक प्रश्न मला या एका ठिकाणीं येऊन ठेपलेला दिसतो.

आमच्या जुन्या ग्रामव्यवस्थेंत, तिचे दोष कितीहि असोत, या प्रश्नाचें एक व्यवहारी उत्तर होतें. बैलगाडीच्या चाकांना वंगण घालणें, दोर आवळणें हें शेतकरी स्वतः करी. चाक करणें सुताराचें आणि त्यावर धाव बसविणें लोहाराचें काम. वंगण घालावयास कोणी लोहाराकडे जात नसे, आणि धाव कोणी घरीं बसवीत नसे. मोटारीच्या बाबतींतहि अशी रेघ ओढतां येते. तेल बदलणें, हवेची गाळणी झाडणें, प्लग साफ करणें, हें ज्याचें त्यानें करावें. ब्रेक आणि सुकाणू यांना हात लावावयाचा तर जाणत्याच्या नजरेखालीं लावावा, आणि काम झाल्यावर त्याच्याकडून तपासून घ्यावें. कारण तेथील चूक आपल्यापुरती राहत नाहीं. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांतून कित्येकशें व्होल्टचा प्रवाह खेळत असतो. त्यांतील नारिंगी रंगाच्या तारांपासून तर हौशी मनुष्यानें दूरच राहावें. काढलेल्या काळ्या तेलाचाहि येथेंच विचार व्हावा. तें गटारांत ओतणारा स्वावलंबी गृहस्थ आपला खर्च वांचवून आपली घाण नासर्डीला आणि तिच्यामार्फत गोदावरीला देतो. स्वावलंबन तें नव्हे.

मिस्त्रीच्या पोटावर आपण पाय देतों काय, हाहि प्रश्न मला पुष्कळ दिवस टोंचत असे. अनुभव उलट आहे. ज्याला कामांतलें थोडें समजतें, तो मजुरीसाठीं घासाघीस करीत नाहीं. काय केलें हें विचारतो, आणि उत्तर ऐकून घेतो. अंबडहून दिसणाऱ्या त्रिरश्मि डोंगरावर, पांडवलेण्यांत, आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकीर्दीचा, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील एक शिलालेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं एका उपासिकेनें ठेविलेल्या अक्षय ठेवीची त्यांत नोंद आहे, आणि ती रक्कम तिनें कारागिरांच्या श्रेणींच्या स्वाधीन केली आहे. त्या श्रेणींत तेली होते, तसेच 'ओदयंत्रिक', म्हणजे पाण्याच्या यंत्रांचें काम करणारेहि होते. याच नाशकांत एके काळीं यंत्रें जाणणाऱ्या माणसांच्या हातीं रुग्णांचें औषध विश्वासानें सोंपविलें जात होतें. आपणहि रोज आपला जीव त्यांच्याच हातीं सोंपवितों; फरक इतकाच कीं आपण त्यांस मान देत नाहीं.

अलीकडे दुरुस्तीच्या हक्काची चर्चा चालू आहे, व ती योग्य आहे. सुटे भाग आणि दोष शोधण्याचीं साधनें बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणानें मिळूं देत नाहींत म्हणून २५ ऑगस्ट २०१४ रोजीं भारतीय स्पर्धा आयोगानें १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारें २,५४५ कोटि रुपये दंड सांगितला. तो वाद पुढें वरच्या न्यायासनांपुढें गेला. २०२२ च्या जुलैंत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, तींत मोटारींचाहि समावेश होता. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें तर २०१२ सालींच तसा कायदा केला. कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागीं संगणक आल्यापासून कान लावून रोग ओळखण्याचे दिवस संपले. कुलूप लावलेलें ज्ञान उघडावयास कायद्याची किल्ली लागणारच. परंतु हक्क मिळाला तरी तो 'चालेल' म्हणणाऱ्याच्या हातीं पडला तर काय उपयोग? गाडी उघडून पाहण्याचा अधिकार मागणारानें आपलें काम कोणी तपासलें तर रागावूं नये, इतकी तरी तयारी ठेवावी.

शेजारच्या बाईंना द्यावयाचें उत्तर मला आतां सुचतें, पण तें त्यांना पुरतें रुचेल असें नाहीं. त्यांचे यजमान पैसे वांचवीत नाहींत, वेळ तर नाहींच नाहीं. मात्र आठवड्यांतून एकदां ते अशा एका वस्तूपुढें बसतात, कीं जिच्यापुढें सबब चालत नाहीं. रविवार घरच्यांचा असतो ही त्यांची तक्रार मला मान्य आहे. तिच्यावर तोड एवढीच कीं घरच्यांपैकीं कोणी तरी शेजारीं बसावें, आणि मऊ लागलें तर मऊ लागतें असें सांगावें. माझा मुलगा आतां मोठा झाला आहे, परगांवीं असतो. सुटींत आला म्हणजे गाडी बाहेर काढण्यापूर्वीं तो आपण होऊन ब्रेकवर पाय ठेवून पाहतो. मी बाजूला उभा राहतों आणि तो काय म्हणतो याची वाट पाहतों.